न विरघळणारं औषध रक्तात पोचवताना: फॉर्म्युलेशन प्रकल्पाची पायरीपायरीनं मांडणी

एम. फार्म.ची मुलं प्रकल्पाचा विषय ठरवायला येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर, सॉलिड डिस्पर्शन करायचं ठरवलंय, ड्रग कुठला घेऊ?’ सॉलिड डिस्पर्शन म्हणजे औषधाचे रेणू पॉलिमरमध्ये विखरून ठेवण्याची पद्धत. सीनियरनं तेच केलं होतं, लॅबमध्ये पीव्हीपी या पॉलिमरची बाटली उरली आहे, म्हणून पद्धत ठरली. आता तिला शोभेल असं औषध शोधायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत. वर्षाअखेर डिझोल्यूशनचा, म्हणजे औषध विरघळण्याच्या चाचणीचा, आलेख छान वर चढलेला दिसतो, पण ते औषध माणसाच्या पोटात खरंच जास्त शोषलं जाईल का, असं परीक्षकानं विचारलं की सगळे गप्प.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शाळा मराठीतून झालेली आणि फार्मसीची पुस्तकं एकदम इंग्रजीतून समोर आलेली पुष्कळ मुलं-मुली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. औषध नेमकं कुठं अडतंय ते आधी शोधा, पद्धत त्यावरून ठरवा, एवढंच मला सांगायचं आहे. पुढचा सगळा तपशील त्यासाठीच.

औषध अडतं कुठं

गोळी पोटात फुटते, कण सुटे होतात, कणांतले रेणू पाण्यात विरघळतात, विरघळलेले रेणू आतड्याची भिंत ओलांडतात आणि यकृतातून वाचलेले रक्तात फिरतात. विरघळण्याच्या वेगाचं समीकरण नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ साली मांडलं, पुढं इतरांनी त्यात पृष्ठफळ आणि कणाभोवतीच्या थराची जाडी आणली. शब्दांत सांगायचं तर वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: कणांचं एकूण पृष्ठफळ किती, आणि कणाला चिकटून असलेल्या थरातली संपृक्त संहती (आणखी औषध मावणार नाही इतकं विरघळलेलं प्रमाण) बाहेरच्या द्रावापेक्षा किती जास्त.

फॉर्म्युलेशन करणाऱ्याला या समीकरणात दोन ठिकाणी हात घालता येतो. कण बारीक करून पृष्ठफळ वाढवायचं, नाहीतर औषधाचं रूप बदलून विद्राव्यता, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळतं ते, वाढवायची. तिसरं काम समीकरणात दिसत नाही: एकदा विरघळलेलं औषध शोषलं जाईपर्यंत पुन्हा खाली बसू द्यायचं नाही. प्रकल्प फसतात ते बहुतेक वेळा इथंच.

१९९५ साली अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली बीसीएस ही वर्गवारी, म्हणजे विद्राव्यता आणि आतड्याची भिंत ओलांडण्याची क्षमता यांवरून केलेले औषधांचे चार वर्ग, तुम्हाला तोंडपाठ असेल. वर्ग दोनची औषधं विरघळत नाहीत, पण विरघळली की भिंत सहज ओलांडतात. फॉर्म्युलेशनच्या कष्टांचं चीज सगळ्यात जास्त याच वर्गात होतं. वर्ग चारमध्ये दोन्हीकडे अडचण असते. तिथं नुसती विद्राव्यता वाढवली की काम झालं, असं लिहून देऊ नका.

शोषण वाढवायची गरज आहे का

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. अल्बेंडाझोल घ्या. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळाशाळांतून ४०० मिग्रॅची चावायची गोळी देतात. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळं बरंचसं आतड्यातच राहतं. जंतही तिथंच असतात, म्हणजे त्या कामासाठी कमी शोषण सोयीचंच आहे. तेच औषध मेंदूतल्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसवर (जंताच्या अळ्यांच्या गाठींवर) किंवा यकृतातल्या हायडॅटिड गाठीवर द्यायचं झालं, तर ते रक्तात पोचायलाच हवं. तेव्हा ते स्निग्ध जेवणासोबत देतात, आणि शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या सक्रिय सल्फॉक्साइडची रक्तातली पातळी उपाशीपोटीच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जाते. औषध एकच, पण एका वापरात शोषण नको आणि दुसऱ्यात हवं. सिनॉप्सिसच्या (प्रकल्पाच्या आराखड्याच्या) पहिल्या पानावर वापर कोणता ते लिहा, मगच पुढं चला.

डोस नंबर काढा

‘विद्राव्यता फारच कमी आहे’ या वाक्याला डोस सांगितल्याशिवाय अर्थ नाही. माणूस गोळीबरोबर साधारण एक पेला, म्हणजे २५० मिली पाणी पितो असं धरतात. तेवढ्या पाण्यात जास्तीत जास्त किती औषध मावेल ते काढा आणि डोसला त्या आकड्यानं भागा. आलेला आकडा म्हणजे डोस नंबर.

बुरशीवरच्या ग्रिसिओफुल्विनचा डोस ५०० मिग्रॅ, विद्राव्यता मिलीला सुमारे १५ मायक्रोग्रॅम. २५० मिलीत मावतं ३.७५ मिग्रॅ. डोस नंबर १३३. सगळा डोस एकदम विरघळवायला तेहतीस लिटर पाणी लागेल. आता हृदयासाठीचं डिगॉक्सिन. विद्राव्यता मिलीला सुमारे २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे तेही पुस्तकी अर्थानं न विरघळणारंच. पण डोस अर्धा मिग्रॅ धरला तरी २१ मिली पाणी पुरतं आणि डोस नंबर ०.०८ येतो. डिगॉक्सिनला विद्राव्यतेचा त्रास नाही, त्रास झालाच तर वेगाचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या उत्पादकांच्या डिगॉक्सिन गोळ्यांतून रक्तात येणारं औषध बरंच कमीजास्त निघालं होतं, आणि कणांचा आकार व विरघळण्याचा वेग ही त्यामागची मोठी कारणं होती. अशा औषधाला सायक्लोडेक्स्ट्रिन किंवा पॉलिमर कशाला हवा? नीट दळलं की झालं.

डोस नंबर एकच्या वर गेला म्हणजे शोषण होणारच नाही असं मात्र नाही. आतडं विरघळलेलं औषध सतत उचलत असतं, त्यामुळं जागा रिकामी होत राहते, शिवाय पित्तातले क्षार मदतीला येतात. म्हणून २०१० साली बटलर आणि ड्रेसमन यांनी वर्ग दोनचे दोन भाग केले: वेगामुळं अडणारी औषधं ती दोन-अ, विद्राव्यतेमुळं अडणारी ती दोन-ब. दोन-अ असेल तर कण बारीक करा. दोन-ब असेल तर स्फटिकालाच हात घालावा लागतो.

तीन आकडे शोधून ठेवा

वितळणबिंदू, लॉगपी (औषध पाण्यापेक्षा तेलात किती जास्त रमतं त्याचं माप) आणि पीकेए (कोणत्या पीएचला औषध आयन होतं, म्हणजे विद्युतभार घेतं, त्याचं माप). आयन न होणाऱ्या औषधांसाठी एक ढोबळ हिशेब फार कामाचा आहे: वितळणबिंदू १०० अंशांनी वाढला की विद्राव्यता साधारण दहापट घटते, आणि लॉगपी एकानं वाढला तरीही दहापट घटते. कुठल्या कारणानं तुमचं औषध पाण्याला नकार देतंय ते यातून कळतं.

वितळणबिंदू २०० अंशांच्या पुढं आणि लॉगपी मध्यम असेल, तर रेणू स्फटिकात घट्ट बांधलेले आहेत. फॉर्म्युलेशनवाले याला ‘ब्रिक डस्ट’ म्हणतात. असं औषध तेलातही विरघळत नाही, त्यामुळं तेलाच्या फॉर्म्युलेशनच्या वाटेला जाऊ नका. स्फटिक मोडणं किंवा नॅनो करणं हाच मार्ग. उलट वितळणबिंदू कमी आणि लॉगपी पाचच्या आसपास किंवा वर असेल, तर तो ‘ग्रीस बॉल’. स्फटिक मोडून तिथं फारसं हाती लागत नाही, तेल आणि सर्फॅक्टंट (तेल-पाणी जुळवणारे साबणासारखे पदार्थ) मात्र लागू पडतात. पीकेएवरून क्षार (सॉल्ट) करता येईल का आणि जठरातून आतड्यात जाताना औषध खाली बसेल का, ते कळतं.

विद्राव्यता स्वतः मोजा

शोधनिबंधातला आकडा उचलू नका. तुमच्याकडचा नमुना वेगळ्या स्फटिकरूपाचा असू शकतो.

झाकणाच्या व्हायलमध्ये १० मिली माध्यम घ्या, तळाशी पावडर उरेल इतकं जादा औषध टाका, ३७ अंशांच्या शेकरवर ठेवा. पीएच १.२, ४.५ आणि ६.८ ही तीन माध्यमं घ्याच. जमलं तर उपाशीपोटीच्या आतड्याची नक्कल करणारं माध्यमही करा: पीएच ६.५, सोडियम टॉरोकोलेट ३ मिलिमोलर, लेसिथिन ०.७५ मिलिमोलर. २४ तासांनी आणि ४८ तासांनी नमुना काढा. दोन्ही आकडे जुळले तरच समतोल आला असं माना. शेवटी पीएच पुन्हा मोजा, कारण आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी औषध बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच सरकवतं आणि तुम्ही ६.८ समजून भलत्याच पीएचची विद्राव्यता लिहून बसता. गाळताना सिरिंज आणि फिल्टर ३७ अंशांवर गरम ठेवा, पहिले एक-दोन मिली टाकून द्या, कारण फिल्टरचा पडदा औषध शोषतो.

तळाशी उरलेली पावडर फेकू नका, तपासा. कार्बामॅझेपिन पाण्यात ठेवलं की त्याचं डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेलं रूप, होतं, म्हणजे मोजायला घेतलेला पदार्थ एक आणि शेवटी मोजलेला दुसराच.

पहिला मार्ग: कण बारीक करणं

घन कणाची बाजू १०० मायक्रॉनवरून १ मायक्रॉनवर आणली की तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ शंभरपट होतं. ग्रिसिओफुल्विन मायक्रॉनाइज केल्यावर (काही मायक्रॉनपर्यंत दळल्यावर) त्याचा डोस खाली आणता आला, हे जुनं आणि पक्कं उदाहरण. पण नुसतं दळून भागत नाही. बारीक पावडरीत स्थिर वीज भरते, ती गुठळ्या धरते आणि पाण्यावर तरंगत राहते. पोलोक्सॅमर १८८, ट्वीन ८० किंवा थोडं सोडियम लॉरिल सल्फेट असा सर्फॅक्टंट घालून ती ओली होईल अशी करावीच लागते.

नॅनोसस्पेन्शनसाठी, म्हणजे नॅनोमीटर आकाराचे कण द्रवात तरंगत ठेवण्यासाठी, महागडं यंत्र नसलं तरी लॅबमध्ये सुरुवात करता येते. व्हायलमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे झिर्कोनियाचे मणी, औषध आणि एचपीएमसी (सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) किंवा पोलोक्सॅमरचं द्रावण घ्या, मॅग्नेटिक स्टिररवर बराच वेळ फिरवत ठेवा आणि मधूनमधून कणांचा आकार मोजा. आकार खाली येऊन स्थिर झाला की थांबा. नुसत्या विद्युतभारावर टिकवायचं असेल तर झीटा पोटेन्शियल (कणांवरच्या विद्युतभाराचं माप) अधिक-उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडं असावं. पॉलिमरचं वेष्टण असेल तर २०च्या आसपासही चालतं. फ्रीज ड्राय करताना मॅनिटॉल किंवा ट्रेहॅलोज घाला आणि सुकलेली पावडर पाण्यात पुन्हा सोडून आकार परत मोजा. हा शेवटचा आकार प्रबंधात नसेल तर आधीच्या आकड्यांना किंमत नाही.

इथं एक सापळा आहे. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून २०० नॅनोमीटरचा कण आरामात पार होतो. तुम्ही तो यूव्ही यंत्रावर मोजता आणि दहा मिनिटांत ९५ टक्के विरघळलं असं लिहिता. ते विरघळलेलं नाही, तरंगतंय. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूज वापरा. कण नॅनो झाला म्हणून विद्राव्यता दहापट होते हाही गैरसमज आहे. ती थोडीच वाढते, खरी कमाई पृष्ठफळातून येते.

दुसरा मार्ग: क्षार आणि गोळीच्या आतला पीएच

आयन होणारं औषध असेल तर आधी क्षाराचा विचार करा, तो सगळ्यात स्वस्त मार्ग. औषधाच्या आणि समोरच्या आम्ल-अल्कलीच्या पीकेएत किमान दोन-तीनचा फरक हवा.

क्षार न करताही गोळीच्या आत पीएच बदलता येतो. टेल्मिसार्टन आपल्या भागातही घरोघरी रक्तदाबासाठी घेतात. ते मधल्या पीएचला फारच कमी विरघळतं, म्हणून मूळ गोळीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन घातलेलं असतं. गोळी ओली झाली की कणाभोवती अल्कधर्मी थर तयार होतो आणि औषध त्यात विरघळतं. पण याच घटकांमुळं गोळी हवेतली ओल ओढते, म्हणून घ्यायच्या वेळेपर्यंत ती ब्लिस्टरमधून काढायची नसते. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवणाऱ्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

तिसरा मार्ग: सॉलिड डिस्पर्शन

सेकिगुची आणि ओबी यांनी १९६१ साली सल्फाथायझोल आणि युरिया एकत्र वितळवून थिजवलं, तिथून हा मार्ग सुरू झाला. स्फटिकातली शिस्त मोडून औषधाचे रेणू पॉलिमरमध्ये विखरून ठेवायचे, म्हणजे स्फटिक फोडायला लागणारी ऊर्जा पाण्याला खर्चावी लागत नाही. पण अशी पावडर आतून अस्वस्थ असते. तिला परत स्फटिकाकडं जायचं असतं, आणि सगळी कसरत तिला अडवण्याची आहे.

कॅरिअर, म्हणजे औषध धरून ठेवणारा पदार्थ, निवडताना पीईजी ६००० पासून सुरुवात करायची सवय सोडा. पीईजी स्वतःच स्फटिकमय आहे आणि साठ अंशांच्या आसपास वितळतं, औषधाला धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी. पीव्हीपी के-३० चा काचसंक्रमण बिंदू (ज्या तापमानाच्या वर काचेसारखा कडक पदार्थ मऊ होतो तो) दीडशे अंशांच्या वर आहे, पण तो ओल फार ओढतो. कोपोव्हिडोनचा शंभराच्या थोडा वर, ओल ओढणं कमी, आमच्याकडच्या हवेला तो जास्त मानवतो. अल्कधर्मी औषध जठरात विरघळून आतड्यात खाली बसत असेल तर एचपीएमसी-एएस हा पॉलिमर बघा.

पद्धत अशी. औषध आणि पॉलिमर दोन्ही विरघळतील असं एकच विद्रावक शोधा. शक्यतो इथेनॉल किंवा ॲसिटोन घ्या, कारण त्यांची शिल्लक ५००० पीपीएमपर्यंत चालते. मिथेनॉलची मर्यादा ३००० आणि डायक्लोरोमिथेनची फक्त ६०० पीपीएम आहे. द्रावण उजेडात धरून बघा, किंचितही गढूळपणा असेल तर पुढं जाऊ नका. रोटाव्हेपरवर ४० ते ५० अंशांना व्हॅक्यूम लावून झपाट्यानं विद्रावक उडवा. पेट्री डिशमध्ये रात्रभर ठेवून वाळवलेल्या नमुन्यात औषधाला स्फटिक व्हायला भरपूर सवड मिळते. सुटलेला थर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, खलात हलक्या हातानं कुटा, ६० नंबरच्या चाळणीतून चाळा आणि लगेच डेसिकेटरमध्ये ठेवा. जोर लावून घोटलं तर घासण्याच्या उष्णतेनं आणि दाबानंही स्फटिक सुरू होतात.

प्रमाण ठरवण्याआधी गोळीचं वजन मोजा. डोस २०० मिग्रॅ आणि प्रमाण एकास नऊ म्हणजे दोन ग्रॅमचं डिस्पर्शन झालं. ते गिळणार कोण? एकास एक, एकास दोन, एकास चार, यापलीकडं जायचं असेल तर डोस लहान असलेलं औषध घ्या. तुलनेसाठी शुद्ध औषध हवंच, त्याशिवाय तितक्याच प्रमाणाचं नुसतं मिश्रण हवं, आणि पॉलिमरशिवाय त्याच विद्रावकातून काढलेलं औषधही हवं. या शेवटच्या नमुन्याशिवाय फरक पॉलिमरनं पडला की विद्रावकानं, हे सांगता येत नाही.

डीएससीत (नमुना तापवून उष्णतेतला बदल मोजणाऱ्या चाचणीत) औषधाचा वितळण्याचा खड्डा दिसला नाही म्हणून ते अमॉर्फस (स्फटिकरहित) झालं, असं लिहू नका. पीईजी आधी वितळतं आणि तापवतानाच औषध त्यात विरघळून जातं, त्यामुळं स्फटिक असूनही खड्डा दिसत नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) लागतंच. सीमाभागात राहण्याचा एक फायदा इथं होतो: एका बाजूला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उपकरण केंद्रं आहेत. पण नमुना नेताना सांभाळा. खानापूरचा एक विद्यार्थी पावसाळ्यात पीव्हीपीचं डिस्पर्शन साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेला होता. सकाळी म्हणाला, ‘पावडर काल सुट्टी होती की हो सर, आज गुळाच्या खड्यासारखी चिकटलीया.’ पाण्याचा काचसंक्रमण बिंदू उणे १३७ अंशांच्या आसपास आहे. चार टक्के ओल शिरली तरी पॉलिमरचा बिंदू बराच खाली येतो, रेणू हलायला मोकळे होतात आणि स्फटिक धरतात. साठवणीचं तापमान काचसंक्रमण बिंदूच्या किमान ५० अंश खाली असावं हा जुना नियम आहे, पण तो बिंदू तुमच्या ओल शिरलेल्या पावडरीचा मोजा, पुस्तकातला कोरड्या पॉलिमरचा नको. काचेची व्हायल, वर अल्युमिनियमची पिशवी, आत सिलिका जेल, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत टिकलेली पावडर पावसाळी कणकुंबीत टिकेलच असं नाही.

स्फटिकाची ओढ किती जबर असते ते रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधानं दाखवलं. १९९६ साली बाजारात आलेल्या या औषधाच्या कॅप्सूलमध्ये १९९८ साली पूर्वी माहीत नसलेलं, फारच कमी विरघळणारं स्फटिकरूप अचानक येऊ लागलं आणि कॅप्सूल बाजारातून काढावी लागली. पुढं कोपोव्हिडोनमध्ये वितळवून केलेल्या सॉलिड डिस्पर्शनच्या गोळ्या आल्या.

चौथा मार्ग: सायक्लोडेक्स्ट्रिन

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे सात ग्लुकोजचं कडं, आतून पाण्यापासून पळणारं, बाहेरून पाण्यात रमणारं. औषधाचा योग्य आकाराचा भाग आत बसतो. काम सुरू करण्याआधी हिगुची आणि कॉनर्स यांच्या पद्धतीनं फेज सॉल्युबिलिटी करा: सायक्लोडेक्स्ट्रिनची संहती वाढवत जा, औषधाची विद्राव्यता मोजत जा. सरळ रेष आली तर तिचा उतार भागिले (मूळ विद्राव्यता गुणिले (एक वजा उतार)), हा औषध आणि सायक्लोडेक्स्ट्रिन किती घट्ट जुळतात ते सांगणारा स्थिरांक. दोन्ही संहती मोलरमध्येच घ्या.

वजनाचा हिशेब इथंही आधी. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा रेणुभार ११३५. औषधाचा २५० धरला तर एकास एक प्रमाणाला औषधाच्या साडेचारपट वजन लागतं. १०० मिग्रॅच्या डोसला ४५४ मिग्रॅ, ठीक आहे. ४०० मिग्रॅच्या डोसला १.८ ग्रॅम, सोडून द्या. पायरॉक्सिकॅम इथं शोभतं: २० मिग्रॅ पायरॉक्सिकॅमसाठी १९१.२ मिग्रॅचं संयुग बाजारात आहे.

घोटण्याच्या पद्धतीत आधी सायक्लोडेक्स्ट्रिन थोड्या पाण्या-इथेनॉलमध्ये कालवून घट्ट लगदा करा, औषध थोडंथोडं घालत पाऊण ते एक तास घोटा, कोरडं पडायला लागलं की दोन थेंब द्रावक. मग ४० अंशांना वाळवा. जादा सायक्लोडेक्स्ट्रिन घालू नका, मोकळ्या रेणूंची संख्या घटते आणि भिंत तर मोकळा रेणूच ओलांडतो. विद्राव्यता वाढली आणि शोषण घटलं, असं यात खरंच होऊ शकतं.

पाचवा मार्ग: तेल आणि सर्फॅक्टंट

ग्रीस बॉल औषधांसाठी. आधी वेगवेगळ्या तेलांत, सर्फॅक्टंटांत आणि सहद्रावकांत औषधाची विद्राव्यता मोजा. सगळा डोस एका मिलीच्या आत मावत नसेल तर इथंच थांबा. मावत असेल तर पाणी थेंबथेंब घालत त्रिकोणी फेज डायग्राम (कोणत्या प्रमाणात मिश्रण एकजीव राहतं त्याचा नकाशा) काढा. मग एक मिली फॉर्म्युलेशन ३७ अंशांच्या २५० मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात सोडून बघा, आणि तसंच झाकून २४ तास ठेवा. पहिल्या मिनिटाचं स्वच्छ द्रावण बघून आनंदून जाऊ नका. सहद्रावक पाण्यात पसरला की औषध उघडं पडतं आणि तासाभरात स्फटिकांच्या सुया दिसू लागतात. पीईजी ४०० जास्त असेल तर ते जिलेटिनच्या कॅप्सूलमधलं पाणी ओढून तिला ठिसूळ करतं, हेही साठवणीत तपासा.

डिझोल्यूशन असं करा की ते काही सांगेल

पॅडल, ९०० मिली, ३७ अंश. अहवालात पॅडल असं नावानं लिहा, क्रमांकानं नको, कारण भारतीय आणि अमेरिकी औषधसंहितेत पॅडल आणि बास्केटचे क्रमांक उलटे आहेत. माध्यमात एक टक्का सोडियम लॉरिल सल्फेट घातलं की वाईट फॉर्म्युलेशनही चांगलं दिसतं. गुणवत्ता चाचणीला ते ठीक, पण दोन फॉर्म्युलेशनमधला फरक बघायचा असेल तर सर्फॅक्टंटशिवाय आणि सिंक कंडिशन (माध्यमात सगळ्या औषधाला विरघळायला भरपूर जागा) नसताना एक चाचणी कराच.

अल्कधर्मी औषधाला दोन टप्प्यांची चाचणी हवी: आधी एक तास आम्ल, मग तिथंच बफर घालून पीएच ६.८. पुढचे दोन तास दर दहा मिनिटांनी नमुना काढा. संहती उसळी घेते, मग घसरते. ती किती वेळ वर टिकली हे तुमच्या पॉलिमरचं खरं काम. नमुना काढल्याबरोबर गाळून पातळ करा, नाहीतर तो सिरिंजमध्येच खाली बसतो.

पुढं रॅटवर प्रयोग करायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या. आणि लक्षात ठेवा, रॅटला पित्ताशय नसतं, पित्त सतत गळत राहतं. त्यामुळं जेवणाआधी आणि जेवणानंतर असा माणसातला फरक त्याच्यावरून सांगू नका.

हळदीचा मोह

सांगलीची हळद शेजारी, बेळगाव जिल्ह्यातही हळद होते, आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था बेळगावातच. त्यामुळं हळदीतलं कर्क्युमिन घ्यायचा मोह आमच्याकडं बऱ्याच जणांना होतो. घ्या, पण त्याची अडचण नीट समजून घ्या. ते विरघळत नाही हे खरं, शिवाय पीएच ७.२ च्या बफरमध्ये ३७ अंशांना ते अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के नासतं, आणि जे शोषलं जातं ते आतड्याची भिंत व यकृत झटपट बदलून टाकतात. १९९८ साली माणसांवर झालेल्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पायपरिन (मिऱ्यातला घटक) दिल्यावर जैवउपलब्धता (रक्तात पोचणारं प्रमाण) वीसपट झाली. पायपरिननं विद्राव्यता वाढवली नव्हती, औषध बदलून टाकणारी यंत्रणा अडवली होती. सहा महिने डिस्पर्शनवर घालवण्याआधी हे पक्कं डोक्यात ठेवा, आणि डिझोल्यूशनसाठी आम्लधर्मी माध्यम घेऊन प्रकाशापासून जपा.

औषधाच्या दुकानात बसणाऱ्यांसाठी

डी. फार्म. करून दुकानात बसलेल्यांनाही यातलं बरंच लागतं. गजकर्णावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल इतक्या खपतात, पण त्या विरघळण्यासाठी आम्ल हवं. साधी पेलेट्सची (बारीक दाण्यांची) कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची. तेच औषध सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात असेल तर उपाशीपोटी. सुबा म्हणून मिळणारी कॅप्सूल एचपीएमसी थॅलेटमधलं सॉलिड डिस्पर्शन आहे. तिची ६५ मिग्रॅ साध्या १०० मिग्रॅच्या जागी चालतात, म्हणून मिग्रॅचा आकडा बघून एकीच्या जागी दुसरी देऊ नका. आणि समोरचे काका सकाळी पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) घेतात का ते विचारा. घेत असतील तर साध्या कॅप्सूलचं शोषण घटतं. गोळी बंद करा असं आपण सांगायचं नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही औषधं एकत्र चालू आहेत हे कळवायचं.